वजनाशी वैर धरणारा अभियंता : कॉलिन चॅपमन

नवी दिल्ली, दि. १६ डिसेंबर : मोटार घेताना बहुतेक कुटुंबे आसने मोजतात, डिकीत किती सामान मावेल ते पाहतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना चढता-उतरता येईल का, याची खातरजमा करतात. या तिन्ही कसोट्यांवर नापास होणारी गाडी निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी विकत घेणारे लोक जगात थोडेच. दोघांपुरती जागा, नावापुरते छत, जमिनीला टेकेल की काय असे वाटणारे बूड आणि अंगावर फाजील वजन अजिबात नाही, अशा या गाडीला आजची ओळख ज्यांच्यामुळे मिळाली त्यांत ब्रिटिश अभियंते कॉलिन चॅपमन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १६ डिसेंबर १९८२ रोजी वयाच्या ५४व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. लोटस या मोटार कंपनीचे ते संस्थापक होते.

त्यांचा मूळ विचार सांगायला सोपा आहे. गाडी वेगवान करायची तर तिला मोठे इंजिन बसवावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु मोठे इंजिन स्वतःच जड असते. त्याचा भार पेलण्यासाठी सांगाडा मजबूत करावा लागतो. सांगाडा जड झाला की ब्रेक मोठे लागतात, टायर रुंद लागतात आणि वजनाची ही साखळी लांबतच जाते. शिवाय वाढीव अश्वशक्तीचा खरा उपयोग सरळ रस्त्यावर होतो. उलट वजन घटवले तर तेच छोटे इंजिन गाडीला चटकन वेग देते, ती कमी अंतरात थांबते आणि वळणावर तिला आवरणेही सोपे जाते. शिवाय एक भाग हलका झाला की त्याला धरून ठेवणारा दुसरा भागही हलका करता येतो. चालवणाऱ्याला हा हिशेब हातांना आणि पाठीला कळतो. स्टिअरिंगला यंत्राची मदत लागत नाही, रस्त्याचा खडबडीतपणा थेट तळहातापर्यंत पोचतो आणि अफाट वेगाने न जाताही गाडी चालवल्याचे समाधान मिळते.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. वडील उत्तर लंडनच्या हॉर्नसी भागातील रेल्वे हॉटेल चालवत. कॉलिन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे स्थापत्याशी संबंधित स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले आणि विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान उडवायलाही ते शिकले. पूल आणि विमान, दोन्हींत एकच प्रश्न असतो : कमीत कमी सामग्रीत जास्तीत जास्त भार कसा पेलायचा? पुढील आयुष्यभर चॅपमन यांनी हाच प्रश्न मोटारींना विचारला.

शिकत असतानाच ते जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करत. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये नव्या गाड्या मिळणे दुरापास्त होते, त्यामुळे जुन्यांना भाव होता. मात्र १९४७च्या अखेरीस सरकारने खासगी वाहनांना मिळणारे पेट्रोलचे मूळ रेशन बंद केले आणि हा बाजार कोसळला. चॅपमन यांच्याकडे विकली न गेलेली एक गाडी उरली. ती जुनी ऑस्टिन सेव्हन होती. हेझेल विल्यम्स या त्यांच्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये त्यांनी ती उकलली आणि १९४८मध्ये तिच्यातून एक हलकी गाडी उभी केली. हीच पहिली लोटस. लोटस म्हणजे कमळ. मोटारीला हे नाव का दिले, याचा उलगडा चॅपमन यांनी कधी केला नाही. पुढे १ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली, तेव्हा हेझेल यांनी दिलेले २५ पौंड कामी आले. १९५४मध्ये दोघांचा विवाह झाला. कंपनीचा पहिला कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागचा तबेला होता. चॅपमन दिवसा ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम कंपनीत नोकरी करत आणि रात्री या तबेल्यात काम करत. असे काही वर्षे चालले.

त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजूही याच काळात दिसू लागली. छोट्या ऑस्टिन इंजिनांच्या शर्यतींत सर्वांची इंजिने सारखीच असत. त्यांच्या सिलिंडरना हवा-इंधनाचे मिश्रण जोडीने एकाच वाटेने मिळे. चॅपमन यांनी त्या वाटेत पडदा घालून ती विभागली. इंजिनाची ताकद एवढी वाढली की त्यांच्यापुढे कोणाचा टिकाव लागेना. अखेर आयोजकांना नियमच बदलावा लागला. नियमावली वाचताना तिच्यात काय लिहिलेले नाही याकडे त्यांचे लक्ष असे.

हीच नजर त्यांनी बाजाराकडे वळवली. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर मात्र तो लागत नसे. तेव्हा गाडी सुट्या भागांच्या स्वरूपातच विकावी आणि ग्राहकाने ती घरी जोडून घ्यावी, हा मार्ग चॅपमन यांनी निवडला. १९५७मध्ये आलेली लोटस सेव्हन ही या पद्धतीची सर्वात प्रसिद्ध गाडी. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे फोर्डच्या साध्या कौटुंबिक गाडीतले ११७२ सीसीचे इंजिन आणि दोन अरुंद आसने. दरवाजे नव्हते. एकूण वजन सुमारे ५०० किलोच्या आत-बाहेर. करसवलत टिकवायची तर जोडणीच्या सूचना सोबत देता येत नसत, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या जात आणि ग्राहक त्या शेवटून सुरुवातीकडे वाचत, अशी गोष्ट सांगितली जाते.

तिचे ग्राहक बरेचसे पगारदार, हाताने काम करण्याची हौस असलेले तरुण होते. मोठ्या कंपन्यांची स्पोर्ट्स कार त्यांच्या आवाक्याबाहेर होती. शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये पाने फिरवत त्यांनी सेव्हन जोडली, सोमवारी तिच्यातूनच कामावर गेले आणि पुढच्या रविवारी तीच गाडी शर्यतीत उतरवली. वेगाची हौस श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून मध्यमवर्गीयांच्या गॅरेजमध्ये आणण्याचे श्रेय चॅपमन यांना द्यावे लागेल. त्यांच्या विश्वविजेतेपदांपेक्षाही हे काम मोठे मानायला जागा आहे.

त्याच वर्षी लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडलेली लोटस एलीट फायबरग्लासची होती आणि तिला वेगळा धातूचा सांगाडाच नव्हता. कवच हाच सांगाडा. दिसायला ती अप्रतिम होती, हवा कापण्यात आजच्या गाड्यांना लाजवील अशी होती. परंतु ती बनवण्याचा खर्च विक्रीच्या किमतीत निघत नसे. या धड्यातून १९६२मध्ये एलान आली. पोलादी पत्र्याचा पाठीच्या कण्यासारखा एकच मधला सांगाडा, त्यावर फायबरग्लासचे कवच, दुमडता येणारे छत आणि १५५८ सीसीचे इंजिन. वजन जेमतेम ६८० किलो, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या मारुती ८००च्या आसपास. स्प्रिंग मऊ आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर नेमके ठेवल्यामुळे ती खराब रस्त्यावर उसळत नसे आणि वळणावर रस्ता सोडत नसे. हलकी गाडी म्हणजे कडक, हाडे खिळखिळी करणारी गाडी, ही समजूत एलानने खोटी ठरवली. फॉर्म्युला वन विजेते जिम क्लार्क स्वतः एलान चालवत.

मात्र एलान घेणाऱ्याला संयमही सोबत घ्यावा लागे. मागच्या चाकांना ताकद पोचवणारे रबराचे सांधे झिजत, विजेच्या जोडण्या रुसत, पावसाचे पाणी आत येई. लोटस या नावाच्या पाच इंग्रजी अक्षरांतून पुष्कळ आणि बहुधा गंभीर कटकटी असा अर्थ काढणारा विनोद चाहत्यांमध्येच प्रचलित झाला. तरीही ती विकली जात राहिली.

शर्यतीच्या मैदानावर चॅपमन यांनी काय केले, ते थोडक्यात सांगता येते. १९६२च्या लोटस २५मध्ये त्यांनी नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याची बंद पेटी वापरली आणि सर्व प्रतिस्पर्ध्यांना तो मार्ग धरावा लागला. पुढे इंजिनालाच सांगाड्याचा भाग बनवणारी लोटस ४९ आणि तळाखालून वाहणाऱ्या हवेच्या साहाय्याने रस्त्याला चिकटणारी लोटस ७९ आली. १९६३ ते १९७८ या काळात संघाने कारनिर्मात्यांची सात विश्वविजेतेपदे जिंकली, तर १९६५मध्ये क्लार्क यांनी लोटसमधून अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यत जिंकली. विजयानंतर डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावणारे चॅपमन त्या काळातील प्रेक्षकांच्या कायमचे लक्षात राहिले.

या यशाची किंमत चालकांनी मोजली. प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवणाऱ्या आरेखनात चुकीला जागा उरत नाही. १९६०मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे चाक निखळले आणि माइक टेलर यांच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. दोघेही गंभीर जखमी झाले. टेलर यांनी कंपनीला न्यायालयात खेचले. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टूच्या शर्यतीत लोटस झाडांवर आदळून क्लार्क मरण पावले. चॅपमन यांचे ते जिवलग मित्र होते. या आघाताने ते खचले. पुढच्या वर्षी बार्सिलोनाच्या शर्यतीत संघाच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडून अपघात झाले, तेव्हा योखेन रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून आपल्याला विश्वास ठेवता येईल अशी गाडी मागितली. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सरावात रिंट यांच्या लोटस ७२चा पुढील ब्रेकचा दांडा तुटला आणि त्यांचा मृत्यू झाला. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले.

मोटार शर्यती त्या काळी सर्वांसाठीच जीवघेण्या होत्या आणि इतर संघांचेही चालक दगावले, हे खरे. क्लार्क यांच्या अपघाताचे कारणही निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. तरीही दांडा पोकळ ठेवावा की भरीव, पत्रा किती पातळ चालेल, हे निर्णय आरेखनाच्या टेबलावर होत होते आणि त्यांची जोखीम चालकाच्या आसनावर बसलेला माणूस घेत होता. चॅपमन यांची प्रतिभा मान्य करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. घरी सेव्हन जोडणारा ग्राहक निदान आपल्या हाताने आवळलेल्या नटबोल्टांवर भरवसा ठेवत असे.

अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीची आणि वादाची ठरली. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या डीलोरियन कंपनीच्या दोन आसनी गाडीचे अभियांत्रिकी काम लोटसने घेतले. हलकेपणाच्या पुरस्कर्त्याने हात लावलेली ही पोलादी कवचाची गाडी १२०० किलोंहून जड होती. १९८२मध्ये डीलोरियन बुडाली आणि विकासकामासाठी दिलेले सुमारे पावणेदोन कोटी डॉलर पनामात नोंदणी झालेल्या एका कंपनीमार्फत भलतीकडेच वळल्याचे उघड झाले. चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच चॅपमन यांचे निधन झाले. लोटसचे वित्त सांभाळणारे फ्रेड बुशेल यांना १९९२मध्ये कारावासाची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असे न्यायाधीशांनी त्या वेळी नमूद केले.

त्यांच्या पश्चात कंपनीची मालकी अनेकदा बदलली. १९९६च्या एलीजने हलक्या गाडीची परंपरा पुन्हा जागवली. आता कंपनी चीनच्या जीली समूहाकडे आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये लोटसने भारतात पाऊल ठेवले, ते इलेट्रे ही विजेवर चालणारी एसयूव्ही घेऊन. तिचे वजन सुमारे अडीच टन, म्हणजे साडेतीन एलानइतके, आणि तेव्हाची किंमत अडीच कोटी रुपयांहून अधिक होती.

एलानचा वारसा जपानने चालवला. जुन्या ब्रिटिश गाड्यांचा, विशेषतः एलानचा अभ्यास करून माझदाने १९८९मध्ये एमएक्स-५ बाजारात आणली. पाणी न गळणारी, सकाळी हमखास सुरू होणारी ही हलकी दोन आसनी गाडी जगभर दहा लाखांहून अधिक लोकांनी घेतली. सेव्हनचे हक्क चॅपमन यांनी १९७३मध्येच इंग्लंडमधील केटरहॅम या विक्रेत्या कंपनीला दिले होते. ती कंपनी आजही हीच गाडी बनवते. २०२१मध्ये आलेल्या तिच्या १७० या आवृत्तीत सुझुकीचे ६५८ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन असून वजन ४४० किलो आहे. ग्राहकाची इच्छा असल्यास ती सुट्या भागांच्या खोक्यांत घरपोच मिळते. आता सोबत जोडणीचे माहितीपुस्तकही येते.