तोफांचीं नाणीं पाडणारा राजा दुसरा जेम्स

जुनीं नाणीं जमविणाऱ्यांच्या संग्रहांत कधीं कधीं पितळी रंगाचें एक आयरिश नाणें आढळतें. त्यावर राजाचा मुखवटा, मुकुट व सन असून शिवाय महिन्याचेंही नांव असतें. यास ‘तोफेचें नाणें’ म्हणतात. तें पाडणारा राजा दुसरा जेम्स होय.

जेम्साचा जन्म १६३३ सालीं झाला. तो पंधरा वर्षांचा असतां त्याचा बाप पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला, व पुढील काळ त्यानें परदेशांत काढिला. १६६० सालीं वडील बंधु दुसरा चार्ल्स गादीवर आला. (मुंबई बेट ज्याला लग्नांत आंदण मिळालें तोच हा चार्ल्स.) जेम्स आरमाराचा मुख्य झाला. १६६५ त त्यानें डचांवर जय मिळविला, आणि पुढल्या वर्षीं लंडन जळत असतां आग विझविण्याच्या कामावर तो स्वतः उभा राहिला. तरुणपणीं तरी तो भित्रा खास नव्हता. त्याचा दोष हेकटपणा हा होता. त्यानें कॅथॉलिक पंथ स्वीकारिला होता. १६८५ त राज्य मिळतांच कायदा बाजूस सारून तो आपल्या पंथाच्या लोकांस अधिकार देऊं लागला, तेव्हां प्रजा बिथरली. १६८८ सालीं त्याचा जांवई विल्यम फौज घेऊन इंग्लंडांत उतरला, व जेम्स फ्रान्सांत पळाला.

मार्च १६८९ मध्यें फ्रेंच मदतीच्या बळावर तो आयर्लंडांत किन्सेल बंदरीं आला. तेथील बहुतेक रयत कॅथॉलिक. सैन्य भराभर जमलें. परंतु शिपायांस पगार कशाचा द्यावा? रुपें हातीं नव्हतें. म्हणून जूनमध्यें जाहीरनामा निघाला, आणि डब्लिनच्या कॅपेल रस्त्यावरील टांकसाळींत मोडक्या तोफा, फुटक्या घंटा, कढया व जुनीं भांडीं वितळूं लागलीं. प्रत्येक घाणींत मिश्रण निराळें पडे. म्हणून कांहीं नाणीं तांबूस, तर कांहीं पिवळीं दिसतात. सहा पेन्स, शिलिंग व अर्धा क्राउन अशीं तीं होतीं. लढाई संपल्यावर त्यांचा मोबदला रुप्यांत देऊं, असें राजाचें वचन होतें. महिन्याच्या क्रमानें तीं परत घेतां यावींत म्हणून महिना घातला, असें सामान्यतः समजतात. त्या काळीं सन २५ मार्चला बदलत असे. त्यामुळें एकाच मार्च महिन्यांतील कांहीं नाण्यांवर १६८९ व कांहींवर १६९० आहे! संग्राहक या जोडीच्या शोधांत असतात.

दुकानदारानें हें नाणें नाकारूं नये असा हुकूम होता. मात्र परदेशी मालावरील जकात सरकार या नाण्यांत घेईना. आपल्या नाण्याची खरी किंमत राजास ठाऊक होती, हें यावरून उघड होतें. १६९० त धातु अपुरा पडूं लागला, तेव्हां नाणीं लहान केलीं. एवढेंच नव्हे, तर जुन्या मोठ्या अर्ध्या क्राउनावर घोड्यावर बसलेल्या राजाचा छाप मारून त्यासच पुरा क्राउन ठरविलें! धातु तितकाच, किंमत दुप्पट.

जुलै १६९० मध्यें बॉइन नदीवर जेम्साचा पराभव झाला. सैन्य मागें टाकून तो थोड्याच दिवसांत फ्रान्सला निघून गेला. विल्यमनें डब्लिन घेतांच त्या नाण्यांची किंमत धातूपुरती उतरविली. साठ पेन्सांचा क्राउन एका पेनीचा झाला. ज्या शिपायानें पगार आणि ज्या दुकानदारानें धान्याचे दाम या नाण्यांत घेतले, त्यांच्या गांठीं मूळ किंमतीचा अगदीं थोडा हिस्सा राहिला. रुपें कोणासच मिळालें नाहीं. जेम्स १६०१ नव्हे, तर १७०१ पर्यंत, म्हणजे आणखी अकरा वर्षें, सां-जर्मां येथें फ्रेंच राजाच्या आश्रयानें जगला. आयर्लंडांत तो पुन्हां आला नाहीं.

त्याच्यामागें लिमरिक शहर मात्र १६९१ च्या ऑक्टोबरपर्यंत लढत राहिलें. तेथील लोकांनीं राजाच्या शिलिंगांवर नवा छाप मारून त्यांचीं अर्धपेनीचीं नाणीं केलीं. अशा नाण्याकडे निरखून पाहिलें तर नव्या छापाखालीं जुन्या शिलिंगाच्या खुणा पुष्कळदां दिसतात.