क्लॉड बर्नार्ड

कोंकणच्या समुद्रांतील विषारी सापाचा दंश झाला असतां मनुष्याचें अंग लुळें पडतें. असें विष शरीरांत नेमका कोठें घाला घालतें, हें शोधण्याची वाट फ्रान्समधील क्लॉड बर्नार्ड यानें दाखविली.

त्याचा जन्म १८१३ सालीं द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांत झाला. औषधांच्या दुकानीं उमेदवारी करीत असतां त्यानें नाटकें लिहिलीं व तीं घेऊन तो पॅरिसला गेला. तेथें एका टीकाकारानें त्यास वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. खचून न जातां त्यानें तो मानला.

दक्षिण अमेरिकेंतील आदिवासी बाणांस क्युरारे नांवाचें विष लावीत. बर्नार्डनें बेडकाच्या एका पायाचा रक्तपुरवठा बांधला, मज्जातंतु मात्र मोकळा ठेवला आणि शरीरांत तें विष सोडलें. बेडूक लुळा पडला. परंतु लुळ्या भागास चिमटा घेतांच बांधलेला पाय हालला! विजेचा झटका प्रत्यक्ष दिला असतां लुळे स्नायुहि आकसले. म्हणजे संवेदना शाबूत, स्नायुहि समर्थ. केवळ मज्जातंतूची आज्ञा स्नायूस पोहोंचत नव्हती.

समुद्रसर्पाचें विषहि मज्जातंतु व स्नायु यांच्या सांध्यावरच निरोप अडवितें, हें पुढें सिद्ध झालें. श्वासाचे स्नायु थांबले कीं प्राण जातो. उलट, १९४२ सालीं माँट्रिअल येथें तेंच क्युरारे शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायु सैल करण्याच्या कामीं आलें.

बर्नार्ड १८७८ सालीं वारला. फ्रान्सनें त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामानें काढली. विद्यार्थिमित्रहो, एक वाट बंद झाली म्हणून बसून न राहणाऱ्यासच दुसरी सांपडते.