सेवेलाही शिक्षण लागते

सावित्रीबाई फुले यांचे स्मरण आपण शिक्षिका म्हणून करतो. ३ जानेवारीची भाषणे १८४८ सालच्या भिडेवाड्यातील शाळेपाशी सुरू होतात आणि बहुधा तेथेच संपतात. त्यांच्या आयुष्याचा शेवट मात्र रुग्णसेवेत झाला.

१८३१ साली नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाईंची अक्षरओळख विवाहानंतर झाली. पुढे अध्यापनाचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतले. शिकवावयाचे तर आधी शिकवण्याची विद्या शिकली पाहिजे, हे फुले दांपत्याने ओळखले होते. बालहत्या प्रतिबंधक गृहात त्यांनी निराधार विधवांची बाळंतपणे केली व तेथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले. १८९० साली जोतीराव गेले, तरी काम थांबले नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि लवकरच पुण्यास पोहोचला. डॉक्टर झालेल्या यशवंतांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. ६६ वर्षांच्या सावित्रीबाई रुग्णांना तेथे आणू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर वाहून आणले. त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

प्लेगचा जंतू येर्सिन यांना १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. परंतु उंदरावरची पिसू तो पसरवते, हे सिमाँ यांनी कराचीत दाखविले ते १८९८ साली. फुप्फुसाच्या प्लेगापासून बचावासाठी मुखपट्टीचा पद्धतशीर वापर मांचुरियात झाला तो १९१०-११ च्या साथीत. म्हणजे सावित्रीबाईंना स्वतःला कसे जपावे हे शिकविणारे कोणी असणेच शक्य नव्हते. त्यांच्या त्यागाचा गौरव करताना हे अज्ञान आपण विसरतो, किंबहुना त्यागातच जमा करतो.

आज ती सबब उरलेली नाही. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुणे, लघवीची नळी हाताळण्याची रीत, अंथरुणाला खिळलेल्याची कूस पालटणे, खरजेचा रुग्ण आढळताच त्याचे कपडे वेगळे करणे, हे सारे काही दिवसांत शिकविता येते. तरीही वृद्धाश्रमातील आया किंवा परिचारक बहुधा पाहून पाहूनच शिकतात. दवनीवाड्यासारख्या गावी तर वृद्धाश्रमही दूरच. खाटेवरच्या सासऱ्याची शुश्रूषा सून करते आणि तिला कोणी काहीच सांगत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता कारण उघड आहे. प्रशिक्षणाचा खर्च संस्थेच्या वहीत लिहिला जातो. संसर्गाचा खर्च मात्र रुग्णाच्या कुटुंबावर आणि आजारी पडलेल्या आयेच्या बुडालेल्या रोजावर पडतो. ज्याची झळ आपणांस लागत नाही, तो खर्च टाळण्यासाठी कोणी गाठीचा पैसा सोडत नाही. शिवाय शिकविलेली बाई चार पैसे अधिक मिळताच दुसरीकडे जाईल, ही भीतीही असतेच. म्हणूनच हे शिक्षण एकेका संस्थेच्या मर्जीवर न सोडता शासनाने सार्वजनिक खर्चाने द्यावे, दरवर्षी त्याची उजळणी घ्यावी, वृद्धाश्रमाच्या अनुदानास त्याची अट घालावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होणाऱ्या वर्गाला घरी शुश्रूषा करणाऱ्या सुनांनाही बसू द्यावे.