विश्लेषण : मुक्त गुलामांसाठी विद्यापीठ उभारणारे पाद्री... कोण होते इरॅस्टस क्रॅव्हथ?

अमेरिकेत डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. सुमारे ४० लाख माणसे मोकळी झाली. पण दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. त्यामुळे बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. याच लोकांना विद्यापीठाचे शिक्षण मिळाले पाहिजे, असा आग्रह इरॅस्टस मायलो क्रॅव्हथ यांनी धरला.

जडणघडण कशी झाली?

क्रॅव्हथ यांचा जन्म १८३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील होमर या गावी झाला. वडील गुलामगिरीचे कट्टर विरोधक. पळून आलेल्या गुलामांना त्यांच्या घरात आसरा मिळे. कृष्णवर्णीयांना प्रवेश देणाऱ्या ओबर्लिन कॉलेजात शिकून क्रॅव्हथ काँग्रिगेशनल पंथाचे पाद्री झाले. (अहमदनगरला शाळा काढणारे अमेरिकन मिशनरी मुख्यतः याच पंथाचे.) यादवी युद्धात ते ओहायोच्या पलटणीबरोबर धर्मगुरू म्हणून गेले.

शाळा कुठे भरली?

युद्धानंतर ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ने त्यांच्यावर शाळा काढण्याचे काम सोपवले. जॉन ऑग्डेन आणि एडवर्ड स्मिथ यांच्या साथीने ९ जानेवारी १८६६ रोजी नॅशव्हिलमध्ये फिस्क शाळा सुरू झाली. जागा होती लष्करी रुग्णालयाच्या जुन्या बराकी. सात वर्षांच्या मुलांपासून सत्तरीतल्या वृद्धांपर्यंत सारे शिकायला आले. गुलामांच्या बेड्या भंगारात विकून पुस्तके आणल्याची हकिकत फिस्कच्या इतिहासात सांगितली जाते. पुढच्याच वर्षी शाळेला विद्यापीठाची सनद मिळाली.

पैसा कुठून आला?

बराकी मोडकळीला आल्या, तिजोरी रिकामी झाली. १८७१ मध्ये खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थ्यांना घेऊन गाण्याच्या दौऱ्यावर निघाले. ‘ज्युबिली सिंगर्स’ने गुलामीतली भजने गाऊन अमेरिका-युरोपातून निधी जमवला. त्यातून उभा राहिलेला ज्युबिली हॉल १ जानेवारी १८७६ रोजी खुला झाला.

वाद कशाचा होता?

कृष्णवर्णीयांना हातकाम शिकवले की पुरे, असे अनेक गोऱ्यांचे मत होते. १८७५ मध्ये अध्यक्ष झालेल्या क्रॅव्हथ यांनी लॅटिन, ग्रीक, गणित हा पूर्ण अभ्यासक्रम सोडला नाही. त्याच वर्षी पहिले चार पदवीधर बाहेर पडले. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस १८८८ मध्ये येथूनच पदवीधर झाले.

उणी बाजू कोणती?

क्रॅव्हथ युरोपच्या दौऱ्यात गायकांसोबत होते. पण अखंड प्रवासाने गायकांच्या तब्येती ढासळल्या आणि १८७८ मध्ये संच फुटला. शिवाय विद्यापीठाची सूत्रे दीर्घकाळ गोऱ्यांच्याच हाती राहिली. पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळायला १९४० चे दशक उजाडले.

क्रॅव्हथ सप्टेंबर १९०० मध्ये वारले, तेव्हाही ते अध्यक्षपदावरच होते. ज्युबिली हॉल आजही उभा आहे. तिथे विद्यार्थी राहतात.