अरण्यांचे कैवारी जॉन म्यूर

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत सिएरा नेव्हाडा नांवाची उत्तुंग पर्वतराजी आहे. तिच्या अंगाखांद्यावर इन्यो व सिएरा हीं दोन राष्ट्रीय अरण्यें पसरलीं आहेत. बर्फाचीं शिखरें, शेंकडों निळीं सरोवरें आणि जेथें मोटारीस मज्जाव आहे अशीं निर्जन रानें, हें त्यांचें वैभव होय. त्यांतील एका विस्तीर्ण रानास १९६४ सालच्या कायद्यानें जॉन म्यूर ह्यांचें नांव मिळालें. हा मान त्यांस कां मिळाला, हें आमच्या वाचकांस कळावें म्हणून त्यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

जॉनचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजीं स्कॉटलंडांतील डनबार गांवीं झाला. १८४९ सालीं वडिलांनीं त्यास अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें नेलें. वडील धर्मनिष्ठ, परंतु अतिशय कडक. त्यांच्या धाकानें मुलानें सबंध नवा करार व जुन्या कराराचा बहुतेक भाग मुखोद्गत केला. दिवसभर शेतांत राबावें आणि पहाटेपूर्वीं उठून वाचन करावें व लांकडाचीं घड्याळें बनवावीं, असा त्याचा क्रम असे. १८६१ सालीं तो विश्वविद्यालयांत गेला. तेथें भूगर्भ व वनस्पति ह्या शास्त्रांची गोडी लागली, पण पदवी मात्र घेतली नाहीं.

१८६७ सालीं एका कारखान्यांत काम करीत असतां हत्यार निसटून त्यांच्या उजव्या डोळ्यांत शिरलें. थोड्याच वेळांत दुसऱ्याही डोळ्यास दिसेनासें झालें. कित्येक आठवडे त्यांनीं अंधाऱ्या खोलींत काढले. दृष्टि परत आली, तेव्हां यंत्रांचा नाद सोडून ईश्वराची सृष्टि पाहण्यांत आयुष्य वेंचण्याचा त्यांनीं निश्चय केला. सुमारें हजार मैल पायीं चालून ते फ्लॉरिडास गेले, व १८६८ सालीं कॅलिफोर्नियास पोहोंचले.

तेथें त्यांनीं मेंढरें राखलीं, लांकडाच्या गिरणींत काम केलें. यॉसेमिटीची दरी हिमनद्यांनीं कोरली, असें त्यांचें मत होतें. प्रांताचे भूगर्भशास्त्रज्ञ व्हिटनी ह्यांनीं तें तुच्छ लेखलें. परंतु १८७१ सालीं म्यूर ह्यांनीं ह्या पर्वतांत जिवंत हिमनदी शोधून काढली. १८७२ सालीं रिटर हें तेरा हजार फुटांहून उंच शिखर ते एकटे चढत होते. मध्येंच कड्यावर असे अडकले कीं, वर जातां येईना, खालींही उतरतां येईना. क्षणभर भीतीनें मन गोंधळलें. मग तें स्थिर झालें आणि ते माथ्यावर पोहोंचले.

त्यांच्या लेखांमुळें १८९० सालीं यॉसेमिटी राष्ट्रीय उद्यान झालें. १८९२ सालीं स्थापन झालेल्या सिएरा क्लबचे ते आमरण अध्यक्ष होते. १९०३ सालीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्यांच्यासमवेत तीन रात्रीं रानांत राहिले. मात्र तेथील मूळ रहिवाशांविषयीं त्यांनीं पूर्वीं अनुदार लिहिलें होतें; तो दोष झांकणें योग्य नव्हे.

सान फ्रान्सिस्को शहरास पाणी हवें म्हणून हेच हेची ही रम्य दरी बुडविण्याचें ठरलें. म्यूर अनेक वर्षें झगडले, पण १९१३ सालीं हरले. २४ डिसेंबर १९१४ रोजीं त्यांचा अंत झाला. ती दरी आजही पाण्याखालीं आहे.

विद्यार्थिमित्रहो, ज्यास एकदां अंधार भोगावा लागला, त्यानें इतरांस पाहण्यास शिकविलें. आपल्या गांवचा डोंगर आपण कधीं डोळे भरून पाहिला आहे काय?