वसंतराव नाईक : अमेरिकेच्या गव्हापासून कापसाच्या एकाधिकार खरेदीपर्यंत

दरवर्षी १ जुलैला आपण कृषी दिन साजरा करतो. तो वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस. बीड जिल्हा ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, त्यालाही त्यांचेच नाव आहे. सरकारी धोरण आणि आपल्या मालाचा भाव यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर त्यांचे काम माहीत हवे.

सुरुवात

वसंतराव १९१३ साली यवतमाळ जिल्ह्यातील गहुली (ता. पुसद) येथे बंजारा शेतकरी कुटुंबात जन्मले. नागपुरात कायदा शिकून त्यांनी पुसदला वकिली केली. १९५२ मध्ये ते आमदार झाले. पुढे कृषी आणि महसूल खाती सांभाळली. ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि ११ वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले.

परदेशी धान्य आणि संकरित ज्वारी

त्या काळी देश पी.एल. ४८० योजनेखाली अमेरिकेकडून येणाऱ्या गव्हावर अवलंबून होता. रेशनवर परदेशी मिलो ज्वारीही घ्यावी लागे. १९६५ मध्ये वसंतरावांनी दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याचा विडा उचलला आणि तसे न झाल्यास आपल्याला फाशी द्या, असे जाहीर केले. नुकत्याच आलेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीचा त्यांनी जोरदार प्रसार केला. खरिपात उत्पादन वाढले. भाकरीसाठी मात्र आपण रब्बीची मालदांडीच धरून ठेवली. त्यांच्याच काळात राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी ही चार कृषी विद्यापीठे उभी राहिली.

१९७२ चा दुष्काळ

स्वयंपूर्णता पुरती साधण्याआधीच दुष्काळ पडला. परदेशी मिलो पुन्हा खावी लागली. सरकारने पाझर तलाव, बंडिंग, रस्ते अशी कामे काढून लाखो हातांना मजुरी दिली. त्याच काळात रोजगार हमी योजना आकाराला आली. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला हीच योजना आधार ठरली.

कापसाची एकाधिकार खरेदी

१९७२-७३ च्या हंगामापासून राज्याने कापूस खरेदीचा एकाधिकार स्वतःकडे घेतला. व्यापाऱ्याने भाव पाडू नये, शेतकऱ्याला हमी मिळावी, हा हेतू. पण शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस सीमेपलीकडे जाई. बाजार पडला की सगळा माल योजनेच्या केंद्रांवर येई. चुकारे रखडत आणि तोटा सरकारच्या अंगावर पडे. वसंतरावांचे १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे निधन झाले. योजना पुढे बरीच वर्षे चालली; अखेर २००० नंतरच्या दशकात एकाधिकार संपला.

आपण काय घ्यावे?

हमीभाव जाहीर होणे पुरेसे नसते. खरेदी करणारी यंत्रणा आणि तिच्यामागे पैसा असावा लागतो. आज आपल्या कापसाचा भाव जागतिक बाजारातील रुई, सरकी आणि आयात-निर्यात धोरणावर हलतो. म्हणून वेचणीआधीच हमीभाव आणि जवळच्या सीसीआय केंद्राची नोंदणी तपासा. कापूस वाळवूनच न्या : ८ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असल्यास भावात कपात होते, १२ टक्क्यांच्या वर माल नाकारला जातो. खासगी भाव हमीभावाहून जास्त असेल, तर तिथे विकायला आज आपण मोकळे आहोत.