न्यायमूर्तींच्या घरातला अबोला

गेल्या महिन्यात आमच्या बिबवेवाडीच्या घरी दोन दिवस अबोला होता. निमित्त अगदी क्षुल्लक. सांगलीला मेहुणीकडे सत्यनारायण आहे, असे बायकोने सांगितले आणि मी तत्परतेने स्वारगेटहून सुटणाऱ्या एसटीच्या वेळा कागदावर उतरवून तिच्या हातात ठेवल्या. आपण मोठीच मदत केली, या समाधानात मी होतो. मी बरोबर यावे, एवढेच तिला हवे होते, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. सारी नोकरी बँकेत पैशापैशाचा ताळमेळ लावण्यात गेली. घरातली ही बेरीज मात्र अजून जुळत नाही.

त्या दोन दिवसांत विरंगुळा म्हणून कपाटातून रमाबाई रानड्यांचे जुने पुस्तक काढले. रमाबाईही सांगलीकडच्याच, देवराष्ट्र्याच्या. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांची पहिली पत्नी गेली आणि त्याच वर्षी त्यांचे दुसरे लग्न झाले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा एकतीस वर्षांचा विद्वान; पण वडिलांच्या शब्दापुढे त्याचे काही चालले नाही. नवरी होती अकरा वर्षांची, अक्षरशत्रू. मनात खंत असूनही रानड्यांनी तिला पाटी-पेन्सिल दिली, पुढे इंग्रजीही शिकवले.

नवऱ्याने वाचायला सांगायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यावरून टोचून बोलायचे, असे ते दिवस. रमाबाई माजघरातले बोलणे माजघरातच गिळत. नवऱ्याकडे गाऱ्हाणे न्यायचे नाही, हे त्यांनी मनाशी ठरवले होते. रानड्यांना याची अगदीच कल्पना नव्हती असे नाही. पण त्या शब्दांची धार दिवसभर कोणाला लागते, हे कोर्टात बसून कसे कळणार?

अशात एकदा देवळातल्या एका कार्यक्रमात जुन्या वळणाच्या बायका एका बाजूला आणि सुधारकांच्या बायका दुसऱ्या बाजूला बसल्या. घरच्यांच्या धाकाने रमाबाई सुधारकांकडे बसायला कचरल्या. हे रानड्यांच्या कानी गेले. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत, बोलायचेच थांबले. रात्री नेहमीप्रमाणे रमाबाईंनी त्यांच्या तळपायांना तूप चोळले, पण तोंडातून शब्द नाही. ती रात्र त्यांनी तळमळत काढली. अखेर त्यांनीच क्षमा मागितली तेव्हा अबोला सुटला. आपल्या मनाचा कल एकदा कळला, की अवघड वाटले तरी त्याप्रमाणे वागावे, म्हणजे दोघांनाही त्रास होत नाही, असे न्यायमूर्तींनी शांतपणे समजावले.

इथे मी पुस्तक मिटले. निवाडा झाला होता. पण दुसऱ्या बाजूची साक्ष कुठे झाली होती? तिथे का बसलीस, कोणाला भ्यालीस, एवढे विचारले असते, तर सारे माजघर उलगडले असते. रानड्यांना तो धैर्याचा प्रश्न वाटला. रमाबाईंसाठी तो उद्याच्या स्वयंपाकघराचा प्रश्न होता. आणि त्यांचा अबोला म्हणजे शिक्षाच होती, हे माझ्यासारख्या नवऱ्याला वेगळे सांगायला नको.

न्यायमूर्तींना कमी लेखण्याचा यात हेतू नाही. त्या काळात बायकोला शिकवून सभेत उभे करणारे नवरे किती होते? १८८४ साली गव्हर्नरांसमोर मुलींच्या शिक्षणाची मागणी मांडायला रमाबाई उभ्या राहिल्या, ते बळ त्यांचेच. सभेत बोलायला त्यांनी शिकवले. घरात मात्र त्यांच्या बाजूने काय चालले आहे, ते ऐकायचे राहून गेले.

१९०१ साली रानडे गेले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि असंख्य बायका रमाबाईंकडे आपले मन मोकळे करू लागल्या. १९१० साली त्यांच्या आठवणी छापून आल्या. त्यात माजघरातले टोमणे आहेत, ती तळमळती रात्रही आहे. हे सारे ज्यांच्या कानी पडायला हवे होते, ते जाऊन नऊ वर्षे झाली होती.

पुस्तक कपाटात ठेवले आणि स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर एसटीच्या वेळांचा तोच कागद होता. त्यावर एकाऐवजी दोन तिकिटे लिहिली. बायकोने कागद पाहिला आणि चहाचे दोन कप मांडले.